सविनय नकार

आमच्या घरात 'नाही' हा शब्द जपून वापरतात. घरात बोललेलं वास्तू ऐकते आणि तथास्तु म्हणते, असा धाक माझ्या आईनं लहानपणापासून घालून ठेवला होता. त्यामुळे डब्यातले तांदूळ संपले तरी 'तांदूळ वाढले' म्हणायचं, निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं, आणि शेजारणीला विरजण द्यायचं नसेल तर 'बघते हं' म्हणून आत जाऊन इतका वेळ बघत राहायचं, की तिनं आपण होऊन समजून घ्यावं. गुहागरजवळच्या आमच्या गावात सगळ्यांचीच ही रीत. दुकानदारसुद्धा 'खोबरेल नाही' असं कधी म्हणायचा नाही. 'उद्या येतंय' म्हणायचा. माझ्या अख्ख्या बालपणात ते आलं नाही, पण कुणाचं मन मात्र दुखलं नाही.

हे वळण घेऊन मी कुवेतला आलो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात एका कागदावर शिक्का हवा होता. खिडकीमागचा माणूस गोड हसून म्हणाला, "इन्शाल्ला, बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. मला एकदम आमच्या दुकानासमोर उभं असल्यासारखं वाटलं आणि या देशात आपलं जमेल अशी खात्री पटली.

मी इथल्या शर्क भागातल्या एका कंपनीत पत्रव्यवहार पाहतो. ऑफिसांना लागणारं सामान पुरवायचं, हा आमचा धंदा. माझे साहेब इजिप्तचे. मालकानं काहीही सांगितलं की ते छातीवर हात ठेवून 'हादर' म्हणतात. हादर म्हणजे हजर, शाळेच्या हजेरीतला आपला हजरच तो. काम होणार असलं तरी हादर, होणार नसलं तरी हादर. मी त्यांच्यावर बेहद्द खूश आहे, कारण नकार द्यायची वेळ आली की ते तो माझ्याकडून लिहून घेतात.

माझं इंग्रजी मात्र माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. ते कचेरीत कारकून होते आणि त्यांच्याजवळ पत्रं कशी लिहावीत याचं एक पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेलं, इंग्रजांच्या राज्यातलं. त्यावरच मी शिकलो. त्या पुस्तकात होकार एका ओळीत उरकत असे आणि नकाराला दीड पान लागत असे. माझं मत वेगळं आहे, एवढं सांगायलासुद्धा 'आय बेग टू डिफर' म्हणायचं, म्हणजे वेगळं मत ठेवण्याची आधी भीक मागायची. शेवटी सही करताना आपण समोरच्याचे आज्ञाधारक सेवक आहोत हे कळवायचं, मग भले त्याची मागणी धुडकावलेली का असेना. मला ते वाचून फार बरं वाटायचं. इंग्रजांच्या घरातही वास्तू ऐकत असणार असं मी धरून चाललो होतो.

या इंग्रजीनं माझी एकदा चांगलीच फजिती केली. एका व्यापाऱ्यानं आम्हाला पाण्याचे बारा कूलर घेता का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "लिही, नको." मी लिहिलं. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या कृपेबद्दल आभार मानले. दुसऱ्यात त्यांच्या कूलरची स्तुती केली. तिसऱ्यात, या प्रस्तावाचा स्वीकार करण्याहून मोठा आनंद आम्हांस दुसरा नाही, असं कळवलं. चौथ्यात, परंतु परिस्थितीमुळे तो आनंद आम्हांस नाइलाजानं दूर ठेवावा लागत आहे, असं म्हणून मी आज्ञाधारक सेवक झालो. चौथ्या दिवशी लॉरी आली. बारा कूलर. ते लिफ्टपासून साहेबांच्या दारापर्यंत पॅसेजमध्ये उभे केले, त्यामुळे सगळ्यांना तिरकं होऊन चालावं लागे.

साहेबांनी मला पत्राची प्रत घेऊन बोलावलं. "तू नको लिहिलं होतंस ना?"

"चौथ्या पॅरात आहे, सर."

साहेब बोटानं ओळ न् ओळ चाचपत गेले आणि शेवटी म्हणाले, "हबीबी, इतक्या आत कोण जातं?"

त्यानंतर ऑफिसात माझं नाव 'चौथा पॅरा' पडलं, ते पडलंच. घरी हा किस्सा मी स्वतःच सांगितला आणि पस्तावलो. माझ्या बायकोला आणि मुलीला तो आता माझ्याहून चांगला सांगता येतो.

आता मुलीबद्दल. ती तेव्हा दहावीत होती. जन्म इथला, वाढली रिग्गईतल्या आमच्या दोन खोल्यांत. मराठी सगळं कळतं, पण आपण मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमचा संसार. दहावीनंतर तिला पुण्याला ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे पाठवायचं, अकरावी-बारावी तिथे आणि बरोबर डॉक्टरकीच्या प्रवेशाचा क्लास, हे दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. कसं ठरलं ते सांगतो. मी म्हणालो, "पुण्याला गेली तर बरं, नाही का?" बायको म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मुलगी म्हणाली, "ओके, फाइन." फोनवर ताई म्हणाली, "पाठव रे, माझं घर काय परकं आहे?" चार माणसं, चार होकार. घरात इतकं एकमत कधी नव्हतं.

क्लासचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता. फक्त माझी सही राहिली होती. तो रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसातून स्कॅन करून पाठवायचा, नाहीतर जागा जाणार होती. पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेलो की तो फॉर्म दिसायचा आणि मी रिकामाच ग्लास घेऊन परत यायचो. मला वाटायचं वय झालं, विसरायला होतंय.

अशात मुलीच्या शाळेत वार्षिक समारंभाची गडबड सुरू झाली. त्यांच्या इंग्रजीच्या बाईंनी एक टूम काढली. जुन्या इंग्रजीत वादविवाद करायचा, शब्द जुने, नमस्कार जुने, टोप्या जुन्या. विषय होता, उंट घोड्यापेक्षा श्रेष्ठ आहे. आमची मुलगी घोड्याच्या बाजूनं, म्हणजे विरोधात. बाईंनी एक कागद दिला होता. डावीकडे होकाराचे शब्द, उजवीकडे नकाराचे. हो म्हणायला 'आय', 'ये', 'व्हेरिली'. नाही म्हणायला 'ने', 'बाय नो मीन्स', 'फाय अपॉन दी'. यातला शेवटचा आपल्या 'शी, शरम वाटत नाही?' सारखा. डाव्या रांगेच्या तळाशी 'सो बी इट' होतं. बायकोनं त्याचा अर्थ विचारला आणि ऐकून गालावर हात मारून घेतला. "अगं बाई, हे तर आपलं तथास्तु!"

तो कागद घेऊन मुलगी माझ्याकडे आली. जन्मात पहिल्यांदा तिनं मला इंग्रजीतलं काही विचारलं. एरवी माझ्या इंग्रजीवर ती मान खाली घालून हसायची. मी हात धुतले, चष्मा पुसला आणि वडिलांच्या पुस्तकातलं जे जे आठवत होतं ते सगळं ओतलं. मग फर्मान काढलं, की समारंभापर्यंत जेवताना होकार आणि नकार फक्त जुन्या इंग्रजीत.

ते पंधरा दिवस आम्ही तिघं वेड्यासारखे वागलो. मुलगी कारल्याची भाजी बघून उभी राहायची, हात पुढे करायची आणि श्वास आहे तोवर हे मुखात घालणार नाही अशी प्रतिज्ञा इंग्रजीत करायची. मी वाकून विचारायचो, की महोदया, भाताचा आणखी एक घास आपणांस मान्य व्हावा काय? बायकोचं इंग्रजी इस्पितळातलं, इंजेक्शन आणि रिपोर्टपुरतं, पण तिनं सगळ्यांवर कडी केली. "व्हेरिली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या." "फाय अपॉन दी, तो मोबाइल आधी खाली ठेव." शेवटी तर ती स्वयंपाकघरातून नुसतं 'फाय!' ओरडायची आणि आम्ही दोघं काय चुकलं ते शोधायला लागायचो.

एक गंमत माझ्या लक्षात येत होती. या भाषेत आम्हाला बिनदिक्कत नाही म्हणता येत होतं. आमच्या फ्लॅटच्या वास्तूला कुठली भाषा येत असेल हा प्रश्नच आहे. इमारत कुवेती माणसाची, बांधणारे कुठले कुठले, राखणदार इजिप्तचा. पण तीन-चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी तिला नक्कीच येत नसणार. त्यामुळे कारल्याला, जास्तीच्या भाताला, शुक्रवारच्या झाडलोटीला, सगळ्याला खुशाल नकार मिळत होते आणि कुणी तथास्तु म्हणत नव्हतं.

बायको जाब्रियातल्या एका इस्पितळात नर्स आहे. कुणी आजारी पडलं की जास्तीची ड्यूटी हिच्या गळ्यात, कारण हिला नाही म्हणता येत नाही. त्या पंधरवड्यात एकदा तिनं मुख्य सिस्टरला चक्क 'ने, गुड मॅडम, बाय नो मीन्स' म्हटलं. सिस्टर इतकी हसली, की तिनं ड्यूटी दुसरीला दिली. बायको घरी आली ती विजयी मुद्रेनं. मीही स्फुरण चढून दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणालो, की सुट्टीच्या शुक्रवारी ऑफिसला येण्याबाबत आय बेग टू डिफर. साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "हादर." आणि शुक्रवारी सकाळी फोन करून मला बोलावून घेतलं.

शनिवारी सकाळी समारंभ झाला. उंटाच्या बाजूचा मुलगा फेटा बांधून आला होता आणि वाळवंटात पाण्याविना घोडा कसा मरतो याचं त्यानं फार करुण वर्णन केलं. शेवटी त्यानं गुडघा टेकून आमच्या मुलीला विचारलं, की आता तरी आपण शरण येणार काय? ती पुढे आली. पुठ्ठ्याची टोपी एका बाजूला कलली होती. ती म्हणाली, 'ने'. मग थांबली. मग म्हणाली, की तुम्ही आज विचारा, उद्या विचारा, या वाळूचा शेवटचा कण मोजून होईतो विचारत राहा, माझं उत्तर ने, आणि ने, आणि पुन्हा ने. आवाज मागच्या रांगेपर्यंत खणखणीत. आमच्या खानदानात इतक्या जोरात कुणी नकार दिला नव्हता.

मी उभा राहिलो आणि 'हिअर, हिअर!' ओरडलो. जुन्या सभांमध्ये अनुमोदन असंच देतात, हे वडिलांच्या पुस्तकात होतं. सभागृहात मात्र मी एकटाच होतो. शेजारच्या गृहस्थांनी आपली पिशवी मांडीवर घेतली. बायकोनं शर्ट ओढून मला खाली बसवलं. निकाल अर्थातच उंटाच्या बाजूनं लागला. या देशात उंट हरवायला कोण परीक्षक धजणार!

दुपारी जेवायला आदल्या दिवशी शर्कच्या मासळीबाजारातून आणलेली झुबैदी होती. इथे पापलेटला झुबैदी म्हणतात. बायकोला तीन वाजता ड्यूटीवर जायचं होतं, म्हणून ताटं लवकर घेतली. मी खुशीत होतो. मुलीचं कौतुक संपत नव्हतं. बोलता बोलता फ्रिजकडे नजर गेली आणि मी म्हणालो, "चला, तो फॉर्म काढा. सही करून टाकतो, उद्या पाठवायचाय." खेळ चालूच होता, म्हणून मी वाकलो आणि इंग्रजीत विचारलं, की राजकन्येचं यावर काय म्हणणं?

मुलगी उठली. तिनं फ्रॉक धरल्यासारखं करून मला मुजरा केला. मग तिच्या त्या नव्या जुन्या इंग्रजीत म्हणाली, की पिताजी, आपल्या थोर कृपेबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. आत्याच्या घराइतकं सुंदर घर अन्य नाही. आणि आपल्या इच्छेचा स्वीकार करण्याहून मोठा आनंद मला दुसरा नाही. मी सदैव आपली आज्ञाधारक कन्या.

बायकोनं टाळ्या वाजवल्या. मीही हात उचलले, आणि ते तसेच राहिले.

ते पत्र माझं होतं. आभार, मग स्तुती, मग याहून मोठा आनंद नाही, आणि शेवटी आज्ञाधारक. असली पत्रं मी जन्मभर लिहीत आलो आहे. एखादा माणूस असं केव्हा लिहितो हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बसून माशाचा काटा काढत होती. तो तुकडा मी तिला साफ करून दिलेला होता, त्यात काटा नव्हताच.

"चौथा पॅरा कुठाय?" मी विचारलं.

"व्हॉट?"

"तीन झाले. मग सही केलीस. चौथा राहिला."

तिला कूलरची गोष्ट पाठ होती. तिचे कान लाल झाले. "देअर इज नो फोर्थ पॅरा, बाबा."

"असेल. मराठीत सांग."

"आय कान्ट." तिनं बोट वर केलं, छताकडे. "इट विल हिअर."

वास्तूचं तिला कुणी सांगितलं, असं मी बायकोला खुणेनं विचारलं. तिनं ओठ हलवले, आजीनं, फोनवर. म्हणजे माझ्या आईनं गुहागराहून हे इथवर पोचवलं होतं, आणि मी समजत होतो पोरीला मराठीतलं काही लागत नाही.

"ऐकू दे," मी म्हणालो. "ऐकायलाच हवं तिनं."

मुलीनं माशाचा तुकडा ताटाच्या कडेला सारला. मग अगदी हळू, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं."

एवढंच. एसीची घरघर चालली होती आणि आम्ही तिघंही, मी खरं सांगतो, मान वर करून छताकडे बघत होतो. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं. मी माशाच्या तिखटावर ढकललं.

"मलाही नव्हतं पाठवायचं," बायको एकदम म्हणाली. "सोळा वर्षांची पोर. पण तुमच्या मनात होतं म्हणून मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं."

"माझ्या मनात? अगं, मला वाटलं तुला हवंय! तुमच्या त्या इस्पितळातल्या सगळ्यांच्या मुली जातात म्हणून मी नुसतं विचारलं होतं!"

"विचारलं नव्हतंत. 'बरं, नाही का?' असं म्हणाला होतात."

दोन वर्षं. दोन वर्षं आम्ही तिघं एकमेकांचं मन राखत एका पोरीला घराबाहेर काढत होतो. अकरावी-बारावी इथल्या शाळेत आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी फॉर्म चुंबकाखालून काढला आणि फाडणार होतो, पण मागची बाजू कोरी होती म्हणून तसाच ठेवला.

आता ताईला कळवायचं होतं. तिनं दोन वर्षं खोली तयार ठेवली होती. मी फोन लावला, स्पीकरवर. "ताई, तू आमच्यासाठी जे करतेयस त्याचे आभार कुठल्या शब्दांत..." समोरून मुलीनं चार बोटं दाखवली. मी आभार तिथेच सोडले. "ताई, ती नाही येणार."

पलीकडे ताईनं असा काही सुस्कारा सोडला, की फोनमधून वारा आल्यासारखं वाटलं. "अरे, मग आधी नाही का सांगायचं! दुसऱ्याची वयात आलेली पोर सांभाळायची म्हणून माझी झोप उडाली होती. यांनाही रोज सांगत होते, कसं व्हायचं माझ्याच्यानं."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तुला नाही कसं म्हणणार रे?" ताई म्हणाली. मग जरा थांबून, "सुट्टीत मात्र पाठव हं." त्या 'पाठव'चा खरा अर्थ काय, हे आम्ही तिघं अजून ठरवतो आहोत.

पावणेतीन वाजले. बायको ड्यूटीचे बूट घालून दारात उभी राहिली. मुलीनं विचारलं, "आई, मग वास्तू तथास्तु म्हणाली का?" बायकोनं पर्स खांद्याला लावली, छताकडे एकदा पाहिलं, आणि वास्तूच्या वतीनं स्वतःच म्हणाली, "तथास्तु." मग माझ्याकडे वळली. "येते. ताटं, कढई, सगळं घासून ठेवा. मासे आहेत, वास येईल."

मी छातीवर हात ठेवून वाकलो. "आय बेग टू—"

"नाही!" दोघी एकदम म्हणाल्या, मराठीत.